पहिलीच शर्यत, तीही रिलेची: बेळगाव सीमाभागातल्या नव्या धावपटूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात आता पहाटे धावणारी माणसं बक्कळ दिसतात. त्यातली बरीचशी शर्यतीचं नाव काढलं की मागे सरतात. "एकटीनं एवढ्या लोकांत?" किंवा "शेवटचा आलो तर?" हे दोन प्रश्न ठरलेले. अशांना मी नेहमी सांगते, पहिली शर्यत रिलेची धावा. पुढं तुमची कुणीतरी वाट बघत उभं आहे हे माहीत असलं की पाय वेगळे पडतात. नवीन टीमा बांधताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

रस्त्यावरची रिले म्हणजे काय? शाळेत चार बाय शंभर धावायचो, तेच का?

कल्पना तीच, अंतर वेगळं. रस्त्यावरच्या रिलेत मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर किंवा अर्ध्या मॅरेथॉनचे २१.१ किलोमीटर टीममधली माणसं वाटून घेतात. चौघांची टीम असली तर अर्ध्या मॅरेथॉनमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सव्वापाच किलोमीटरच्या आसपास येतात, पूर्ण मॅरेथॉनमध्ये साडेदहा. सगळे टप्पे सारखे असतीलच असं नाही. कुठं पाच-पाच-पाच-सहा असतात, कुठं एकच गोल रस्ता चौघांनी पाळीपाळीनं धावायचा असतो.

जपानमध्ये या प्रकाराला एकिडेन म्हणतात आणि तिथं त्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे. १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी सुमारे ५०८ किलोमीटरची रिले झाली, तिथून ही परंपरा सुरू झाली. हातात बॅटन, म्हणजे एकमेकांना द्यायची आखूड नळी, नसतं. अंगावर तिरका घातलेला कापडी पट्टा काढून पुढच्याच्या हातात द्यायचा असतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बॅटन, मनगटी पट्टा किंवा वेळ नोंदणाऱ्या टायमिंग चिपचा पट्टा असतो.

नव्या माणसानं अर्ध्या मॅरेथॉनच्या चौघांच्या रिलेपासून सुरुवात करावी. पुढची उत्तरं तेच अंतर धरून आहेत.

मी टीममध्ये सगळ्यात हळू. माझ्यामुळं बाकीचे मागे पडतील ना?

हा प्रश्न मनात धरून कितीतरी माणसं नाव मागे घेतात, म्हणून नीट हिशोब मांडते.

समजा तिघेजण किलोमीटरला साडेसहा मिनिटांनी धावतात आणि तुम्हाला साडेआठ लागतात. किलोमीटरमागे दोन मिनिटं, सव्वापाच किलोमीटरला साडेदहा मिनिटं. म्हणजे तुमच्यामुळं टीम २ तास १७ मिनिटांऐवजी २ तास २८ मिनिटांत पोचेल. बस्स. एवढंच.

आता दुसरा हिशोब बघा. टीममधला एखादा चांगला गडी, ज्याचा खरा वेग साडेसहाचा आहे, तो लोकांच्या टाळ्या ऐकून पहिला किलोमीटर पाच मिनिटांत काढतो, दुसरा ओढूनताणून सहात, आणि मग पोटात कळ येऊन उरलेले सव्वातीन किलोमीटर चालत येतो. दहा मिनिटांना एक किलोमीटर या चालीनं त्याला एकूण ४४ मिनिटं लागतात. त्याला लागायला हवी होती ३४. गेली की दहा मिनिटं! सगळ्यात हळू असणाऱ्या तुमच्यामुळं जेवढी गेली, जवळजवळ तेवढीच.

त्यात एक्सचेंज पॉइंटवर, म्हणजे एकाचा टप्पा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथं, पुढचा धावपटू जागेवर नसला, शौचालयाच्या रांगेत किंवा चहाच्या गाडीवर असला, की आणखी तीन-चार मिनिटं सहज जातात. टीमला हळू माणूस महाग पडत नाही. स्वतःचा वेग माहीत नसलेला माणूस आणि जागेवर नसलेला माणूस महाग पडतो. तुम्ही आपला साडेआठचा वेग शेवटपर्यंत टिकवलात आणि सांगितलेल्या वेळेला पोचलात, तर तुम्ही टीममधले सगळ्यात भरवशाचे धावपटू आहात. हे मी समजूत घालायला म्हणत नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या चौघांनी, म्हणजे मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश यांनी, चार बाय चारशेची प्राथमिक फेरी २ मिनिटं ५९.०५ सेकंदांत धावून आशियाई विक्रम केला. त्यांच्यातला एकही जण तिथं वैयक्तिक ४०० मीटरच्या अंतिम फेरीत नव्हता. चौघांनी मिळून मात्र जगातल्या बड्या टीमांबरोबर अंतिम फेरी गाठली.

टीम कुणाकुणाची करावी?

ज्यांच्याबरोबर तुम्ही आठवड्यातून एकदा तरी भेटू शकता त्यांची. वेगापेक्षा हे बघा. उद्यमबागेत एकाच कारखान्यात कामाला असणारे, एकाच गल्लीतल्या बायका, बँकेतले सहकारी, काका आणि पुतणी, अशा टीमा टिकतात. ओळख नसलेले चार वेगवान गडी एकत्र आणले की शर्यतीच्या आदल्या रात्री एकाचा फोन लागत नाही.

दोन गोष्टी मुद्दाम सांगते. तालमीत जाणारा किंवा जिममध्ये घाम गाळणारा माणूस ताकदवान असतो, पण पाच किलोमीटर सलग धावायची सवय त्यालाही वेगळी लावून घ्यावी लागते. अंगाचं वजन जास्त असेल तर गुडघ्यांना वेळ द्या. दुसरी गोष्ट भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच आपल्या गावात, त्यामुळं खेडोपाडी सोळाशे मीटरचा सराव करणारी मुलं असतात. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर म्हणजे किलोमीटरला जेमतेम साडेतीन मिनिटं. त्याच वेगानं हा मुलगा पाच किलोमीटरला सुटला तर तिसऱ्या किलोमीटरला संपतो. त्याला सांगा, सव्वाचार-साडेचारनं सुरू कर, शेवटच्या किलोमीटरला तुझा सोळाशे मीटरचा वेग काढ. ही मुलं ऐकतात आणि मग फार सुंदर धावतात.

पाचवा माणूस राखीव ठेवा. ताप, लग्नकार्य, कंपनीची शिफ्ट, काहीही येतं. बदली खेळाडू कधीपर्यंत चालतो ते माहितीपत्रकात आधी वाचा. बऱ्याच ठिकाणी बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घेतल्यावर नाव बदलता येत नाही.

कुणी कुठला टप्पा धावायचा?

लोक म्हणतात, सगळ्यात वेगवान माणूस शेवटी. ट्रॅकवर ते ठीक. पहिल्यांदा धावणाऱ्या टीमसाठी मी क्रम वेगळा लावते.

पहिल्या टप्प्याला शांत डोक्याचा माणूस. सुरुवातीला गर्दी असते, डीजे वाजत असतो, शेकडो लोक एकदम सुटतात आणि त्यांच्यातले निम्मे तुमचं अंतर धावतच नसतात. दहा किलोमीटरवाल्याच्या मागे लागून रिलेवाल्यानं सुटायचं नाही, हे ज्याला जमेल त्यालाच तिथं ठेवा. शिवाय पहिल्याला एक सोय आहे: त्याची वेळ ठरलेली असते, वाट बघावी लागत नाही. खूप घाबरणारा पण शहाणा माणूसही इथं चालतो.

पहिल्यांदाच धावणाऱ्याला दुसरा टप्पा द्या. गर्दी पांगलेली असते, ऊन चढलेलं नसतं, आणि त्याच्या मागून दोघेजण आहेत हा आधार असतो. तिसरा टप्पा सगळ्यात अवघड. ऊन, कंटाळा, रस्त्यावर माणसं कमी. तिथं अनुभवी माणूस हवा. शेवटचा टप्पा कुणालाही द्या, पण ज्याच्या घरची माणसं बघायला येणार आहेत त्याला दिलात तर तो दिवस त्या घराला वर्षभर पुरतो.

चढाचा टप्पा असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी चढाचा माणूस ठरवा. खानापूर, जांबोटीकडच्या पोरांना चढाची भीती वाटत नाही.

तयारीला किती दिवस लागतात?

रोज अर्धा-पाऊण तास चालणाऱ्या माणसाला आठ आठवडे पुरतात. काहीच हालचाल नसेल तर आधी महिनाभर नुसतं चाला.

आठवड्याला तीन दिवस धावणं, मधे एकेक दिवस मोकळा. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. पाचव्यात पाच मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. सातव्या आठवड्यात एकदा पाच किलोमीटर पूर्ण करा, हळू, मधे चालायचं झालं तर चाला. आठव्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. शेवटच्या चार दिवसांत जास्त धावून ताकद वाढत नाही, फक्त पाय जड होतात.

वेग किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "आज डब्याला काय केलंस गं?" हे एका दमात विचारता येत नसेल तर वेग कमी करा. नवीन माणसाचं धावणं बहुतेक वेळा त्याच्या दमापेक्षा जास्त वेगानं होतं आणि म्हणूनच त्याला धावणं अवघड वाटतं.

रिलेसाठी एक खास सराव आहे, तो फारसं कुणी करत नाही. तुमचा टप्पा सकाळी आठच्या सुमारास येणार असेल, तर आठवड्यातून एक दिवस आठ वाजताच धावा, साडेपाचला नको. आठच्या उन्हात तेच अंतर वेगळं लागतं. आणि एकदा तरी असं करा: दहा मिनिटं हलकं धावून अंग गरम करा, मग अर्धा तास बसून राहा, आणि मग उठून पुन्हा धावा. शर्यतीत अगदी हेच होणार आहे.

सराव कुठं करायचा?

बेळगावात राहणाऱ्याला जागांचा तोटा नाही. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो झाडांचा आहे, पायाखाली माती आहे, आणि पहाटे तिथं एवढी माणसं चालतात की एकट्या बाईलाही भीती वाटत नाही. रेसकोर्सची बाजू, किल्ला तलावाभोवतीचा रस्ता, कॅम्पातले सावलीचे रस्ते, सगळं चांगलं. कॅम्पात लष्करी हद्द आहे. ओळखपत्र खिशात ठेवा आणि जवानानं थांबवलं तर वाद घालू नका.

चढाचा सराव करायचा तर येळ्ळूरचा राजहंसगड. चढताना छोटी पावलं टाका, उतरताना जोरात सुटू नका. मांड्या चढानं कमी आणि उतारानं जास्त दुखतात.

निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागकडच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कारखाने सुरू झाले की पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि बाहेर आलेला ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत लोंबत असतो. त्या दिवसांत उजाडल्यावरच बाहेर पडा, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं धावा, अंगात पांढरा किंवा पिवळा शर्ट घाला, आणि कानात हेडफोन अजिबात घालू नका. पुणे-बेंगळूर महामार्गावर सराव नकोच. शाळेचं मैदान किंवा शिवारातला रस्ता शोधा.

खानापूरच्या पुढं जंगलाचा रस्ता आहे. धुक्यात एकट्यानं जाऊ नये.

कुत्र्यांचा प्रश्न सगळीकडे आहे. कुत्रं अंगावर आलं की थांबा, त्याच्याकडे पाठ करू नका, सावकाश चालत बाजूला व्हा. चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. "पाळलेलं कुत्रं आहे" म्हणून टाळू नका.

पावसाळ्यात सराव कसा चालू ठेवायचा?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे, त्यातही खानापूर भागात, पाऊस धरून बसतो. रिमझिम असेल तर धावा, पावसात धावून आजारी पडत नाही, ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभं राहून पडतो. विजा असतील तर बाहेर पडू नका. बूट ओले झाले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, चुलीजवळ किंवा हीटरपुढं ठेवू नका, सोलचा डिंक सुटतो. अगदीच मुसळधार असेल त्या दिवशी घरात जिने चढा-उतरा आणि उठाबशा काढा. शर्यतीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्या भागात सगळ्यात सुखाचे, म्हणजे पावसाळा संपता संपता तयारी लागलेली हवी.

घरच्यांना कसं सांगू? पहाटे बाहेर पडायला नको म्हणतात.

हे विचारणाऱ्या जवळजवळ सगळ्या सुना आणि कॉलेजच्या मुली असतात. यावर एकच उपाय मला चालताना दिसला आहे. एकटीनं परवानगी मागू नका, टीमच्या ताईला घरी चहाला बोलवा. सासूबाईंना कोण कोण बरोबर असतं, कुठं जातात, किती वाजता परत येतात हे समोर बसून कळलं की निम्मी काळजी जाते. जमलं तर त्यांनाच एक दिवस व्हॅक्सिन डेपोवर फिरायला आणा. अशा आलेल्या काही सासवा आता रोज चालतात.

कपड्यांबद्दल लाजू नका. ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट चालतो, सलवार-कमीज घालूनही धावता येतं, फक्त ओढणी घरी ठेवा. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा मात्र बुटाइतकीच गरजेची आहे, तिच्यावर पैसे वाचवू नका. पाळीच्या दिवसांत धावायला हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती घ्या, नसेल तर धावा.

बूट कुठले घ्यावेत? अनवाणी चालेल का?

धावायचे बूट, पायाच्या सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असे. दुकानात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळतं. नवे बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. लहानपणापासून अनवाणी धावणारा असेल तर त्यानं खुशाल तसं धावावं. इतरांनी डांबरी रस्त्यावर तो प्रयोग करू नये.

बॅटन किंवा चिपचा पट्टा देताना गोंधळ होतो. नीट पद्धत काय?

खो-खो खेळलेल्या माणसाला हे लगेच समजतं. बसलेल्या गड्यानं खो मिळायच्या आधी उठायचं नसतं आणि खो मिळाला की एक क्षणही दवडायचा नसतो. तेवढंच इथंही.

रस्त्यावरच्या रिलेत पळता पळता बॅटन द्यायची गरज नाही. येणाऱ्यानं शेवटचे वीस-तीस पावलं वेग थोडा कमी करायचा, घेणाऱ्यानं तोंड त्याच्याकडे करून उभं राहायचं, उजव्या हातानं द्यायचं आणि डाव्या हातानं घ्यायचं हे आधी ठरवायचं. पट्टा मनगटातून काढायचा असेल तर शंभर मीटर आधीच काढून मुठीत घ्या. वेल्क्रोचा पट्टा असेल तर घरी दहा वेळा काढून-लावून बघा. घामेजल्या हातानं तो निघत नाही आणि मग दोघेही कावरेबावरे होतात.

आपल्या टीमांत मराठी, कानडी, कोकणी, उर्दू बोलणारे एकत्र असतात. हाक एकच ठरवा. "घे" चालेल, कानडीतलं "हिडी" चालेल, नाव घेऊन ओरडलं तर सगळ्यात उत्तम, कारण त्या गर्दीत दहा जण "घे घे" ओरडत असतात. येणाऱ्यानं हात वर करून यावं म्हणजे लांबून ओळखू येतो. सगळ्यांनी एका रंगाची टोपी घातली तर काम आणखी सोपं. भडक रंगाची घ्या, पांढऱ्या टोप्या शंभर असतात.

देऊन झालं की लगेच बाजूला व्हा. तिथंच गुडघ्यावर हात ठेवून उभं राहिलं की मागून येणारा आदळतो. आणि एक्सचेंज पॉइंटवर चिप वाचणारी चटई असेल तर तिच्यावरूनच जा, कडेनं नको, नाहीतर तुमच्या टप्प्याची वेळ नोंदली जात नाही.

माझा टप्पा तिसरा आहे. तोपर्यंत काय करायचं?

नव्या लोकांचं लक्ष धावण्याकडे असतं, पण रिलेत खरी कसोटी वाट बघण्याची. एकट्याच्या शर्यतीत हे नसतंच.

आधी कागदावर वेळापत्रक मांडा. सुरुवात सहाला. पहिला धावपटू ३४ ते ३७ मिनिटांत येईल, म्हणजे ६.३४ ते ६.३७. दुसरी ४२ ते ४६ मिनिटं घेईल, म्हणजे ७.१६ ते ७.२३. तिसऱ्यानं ७.०५ ला एक्सचेंज पॉइंटवर हजर पाहिजे. प्रत्येकानं आपली वेळ खरी सांगायची, मनातली नाही. सातव्या आठवड्यातल्या पाच किलोमीटरची वेळ धरा. हे वेळापत्रक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण शर्यतीच्या ठिकाणी नेटवर्कवर विसंबून राहता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच गार असते. पातळ टी-शर्टवर कुडकुडत उभं राहू नका. जुना स्वेटर, कानटोपी, पायात मोजे. आपली वेळ यायच्या वीस मिनिटं आधी चालायला लागा, मग आठ-दहा मिनिटं हलकं धावा, पाय झुलवा, दोन-तीन वेळा पन्नास मीटर थोडं जोरात जाऊन या. स्वेटर आधीच्या धावपटूला द्या, त्याला घामेजल्या अंगावर तो लागणारच आहे.

शौचालयाला पहिल्या बोलावण्यालाच जा. "नंतर बघू" म्हणालात की रांग लागलेली असते.

आधीचा माणूस सांगितलेल्या वेळेला आला नाही तर जागा सोडून त्याला शोधायला जाऊ नका. तो पोचेल आणि तुम्ही नसाल. राखीव माणसाला पाठवा.

आदल्या रात्री आणि सकाळी काय खाऊ?

रोज जे पचतं ते. रात्री भात-आमटी, भाकरी-भाजी, लवकर जेवा. तांबडा रस्सा आणि सुकं मटण शर्यत झाल्यावर. सकाळी धावण्याच्या दोन तास आधी एक केळं आणि थोडं उप्पीट किंवा शिरा, चहाची सवय असेल तर अर्धा कप. शेवटचे टप्पे धावणाऱ्यांनी मधे गूळ-शेंगदाण्याची चिक्की किंवा खजूर जवळ ठेवावेत, पण धावण्याच्या आधीच्या तासाभरात काही नको. भाज्या, उसळी, दूध हे सकाळी टाळा.

पाण्याबद्दल लोक दोन्ही टोकांना जातात. पाच किलोमीटरला मधे पाणी लागलं तर दोन घोट पुरे. भीतीपोटी आधी लिटरभर पाणी पिऊ नका. पोट डचमळतं, आणि फार जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम कमी होणं हा खरा धोका आहे. उन्हाचा टप्पा असेल तर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचं पाणी धावून झाल्यावर घ्या.

धावताना दम लागला, दुखायला लागलं तर? टीमसाठी रेटायचं का?

दम लागला तर चाला. एक मिनिट चालून पुन्हा सुरू करा. कुशीत कळ आली तर वेग कमी करून खोल श्वास सोडा. यात टीमचं काही जात नाही.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, अंगावर काटा येऊन घाम थांबणं, यातलं काहीही झालं तर थांबा, बसा, स्वयंसेवकाला हाक मारा. टीमसाठी धावतोय म्हणून माणसं हे अंगावर काढतात, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. प्रत्येक टीमनं आधीच एकमेकांना तोंडानं सांगून ठेवावं: थांबलास तर कुणी बोलणार नाही.

चाळिशी उलटलेल्यांनी, बीपी किंवा शुगर असणाऱ्यांनी, घरात लहान वयात हृदयविकार झालेला असणाऱ्यांनी सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि टीममधल्या एकाला तरी ते सांगावं. ताप येऊन गेला असेल, विशेषतः डेंग्यू, तर ती शर्यत सोडा. धावायच्या आधी दुखण्याची गोळी घेऊन उतरू नका, पोटाला आणि मूत्रपिंडाला ती त्या वेळी जास्त बाधते.

वेळेची मर्यादा संपली तर पुढच्याला धावू देतात का?

आयोजकांवर आहे, माहितीपत्रक वाचा. जपानच्या हाकोने एकिडेनमध्ये आधीचा धावपटू ठरलेल्या वेळेत पोचला नाही तर पुढच्याला त्याची वाट न बघता सोडतात. आपल्याकडे कुठं तसं करतात, कुठं टीमच बाद धरतात. तुमच्या चौघांच्या खऱ्या वेळांची बेरीज मर्यादेपेक्षा वीस मिनिटांनी तरी कमी येत असेल तर निश्चिंत राहा.

दुसऱ्या गावच्या शर्यतीला जाताना काय बघावं?

धारवाड, हुबळी, कोल्हापूर पहाटे निघून गाठण्याच्या नादात झोप घालवू नका, आदल्या संध्याकाळीच पोचा. बिब घ्यायला बहुतेक ठिकाणी आदला दिवसच असतो आणि टीममधल्या एकानं सगळ्यांची ओळखपत्रं नेली तर चालतं का ते विचारून घ्या. गोवा किंवा कारवारला धावणार असाल तर लक्षात ठेवा, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे आणि हवा कोरडी. किनाऱ्यावर घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळं त्याच श्रमात वेग कमी पडतो. वेळापत्रकात प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं वाढवून द्या.

एक्सचेंज पॉइंट एकमेकांपासून लांब असतील तर कोण कुठल्या गाडीनं कुठं जाणार हे आदल्या रात्रीच ठरवा. शर्यतीमुळं रस्ते बंद असतात, "मी दुचाकीनं येतो की" हे त्या दिवशी चालत नाही.

माझी मुलगी शाळेच्या चार बाय शंभरमध्ये आहे. तिला काय सांगू?

तिचं काम वेगळं, तिथं सेकंदाचे भाग मोजतात. बॅटन २८ ते ३० सेंटिमीटर लांब असतं आणि वजन ५० ग्रॅमपेक्षा कमी नसतं. बदलीचा पट्टा, म्हणजे ट्रॅकवर बॅटन द्यायला आखलेला भाग, चार बाय शंभरला ३० मीटरचा, चार बाय चारशेला २० मीटरचा. बॅटन त्या पट्ट्याच्या आत हातात पडलं पाहिजे, पाय कुठं आहेत ते बघत नाहीत, बॅटन कुठं आहे ते बघतात. पडलं तर ज्याच्या हातून पडलं त्यानंच उचलायचं. घेणाऱ्यानं मागे वळून बघायचं नाही, हात मागे स्थिर धरायचा. हे महिनाभर एकाच जोडीनं रोज दहा वेळा केलं की जमतं.

माझा टप्पा संपला की मी घरी गेले तर चालेल?

नियमानं चालेल. माझ्या टीमांत चालत नाही. धावून झालं की दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, काहीतरी खा आणि शेवटच्या धावपटूच्या वाटेवर, फिनिशच्या पाचशे मीटर आधी जाऊन उभे राहा. तिथं त्याला हाकेची गरज असते, फिनिशवर नसते. बऱ्याच शर्यतींत शेवटचे शंभर मीटर चौघांनी एकत्र धावायला परवानगी असते, तीही आधी विचारून ठेवा.

पुढची शर्यत एकटीनं धावू का?

धावा की. पाच किलोमीटरची सवय झालीच आहे, दोन-तीन महिन्यांत दहा होतील. फक्त पहिल्या रिलेनंतर दोन आठवडे अंतर वाढवू नका, आणि तोपर्यंत टीमचा रविवारचा सराव मोडू नका. पुढच्या मोसमात नवीन टीम बांधताना दुसऱ्या टप्प्याला कुणीतरी पहिल्यांदाच धावणारं असेल, तेव्हा तिसरा अवघड टप्पा घ्यायला तुमच्यासारखी एकजण लागेल.